घटस्थापना ते कोजागिरी: पुण्यातला उजळता पंधरवडा कसा अनुभवावा

गणपती गेले की पुण्याच्या पेठा पंधरा दिवस थकल्यासारख्या पडून असतात. मांडव उतरतात, रस्त्यातले खड्डे तसेच राहतात आणि पितृपंधरवडा असल्याने खरेदीलाही कोणी फारसं फिरकत नाही. मग सर्वपित्री अमावास्या सरते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मंडईत झेंडूचे ढीग लागतात. आश्विन शुद्ध प्रतिपदा ते पौर्णिमा या पंधरा तिथींत शहरात इतकं काही चालू असतं की सगळं पाहायचं ठरवणारा शेवटी फक्त ट्रॅफिक पाहून घरी येतो. कुठे जायचं हे बहुतेकांना माहीत असतं. चुकते ती वेळ. तीच देवी सकाळी सहाला वीस मिनिटांत भेटते आणि रात्री आठला तीन तास उभं करते. म्हणून इथे ठिकाणांइतकाच भर घड्याळावर आहे.

सगळ्यात आधी कॅलेंडर. नवरात्र दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतं आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जातं. २०२५ साली घटस्थापना २२ सप्टेंबरला होती. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्याने ती थेट ११ ऑक्टोबरला, दसरा २० ऑक्टोबरला आणि कोजागिरी २५ ऑक्टोबरच्या रात्री आहे. हा फरक नुसता कागदावरचा नाही. पुण्यातून मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास माघार घेतो. सप्टेंबरातलं नवरात्र म्हणजे संध्याकाळी चारनंतर गडगडाट, भिजलेला मांडव आणि कुजका झेंडू. ऑक्टोबरच्या मध्यावरचं नवरात्र म्हणजे दुपारचं चटके देणारं ऊन आणि रात्री अंगावर काटा. पहिल्या प्रकारात छत्रीपेक्षा रेनकोट घ्या, कारण रांगेत उघडलेल्या छत्रीइतकी भांडणं दुसऱ्या कशानेच होत नाहीत. दुसऱ्या प्रकारात पाण्याची बाटली आणि टोपी पुरते.

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. हा शुक्ल पक्ष आहे, म्हणजे चंद्र संध्याकाळी असतो, पहाटे नसतो. अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, दसऱ्याचा त्यानंतर दीड-दोन तासांनी. त्यामुळे पहाटे टेकडीवरच्या देवीला जाणाऱ्यांना जवळपास सगळे दिवस मिट्ट काळोखच मिळतो. मोबाईलच्या उजेडावर विसंबू नका, एक लहान विजेरी खिशात ठेवा.

पेठांमधल्या जोगेश्वरी: पायी, सकाळी

पुण्याची ग्रामदेवता तांबडी जोगेश्वरी. गणेशोत्सवात मानाचा दुसरा गणपती म्हणून हे नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पण मूळ मान देवीचा. तिच्याशिवाय बुधवार पेठेत काळी जोगेश्वरी आणि शुक्रवार पेठेत पिवळी जोगेश्वरी आहे. तिन्ही एका फेरीत पायी होतात. गाडी घेऊन जाणं हा या भागातला सर्वांत मोठा मूर्खपणा. स्वारगेट–पिंपरी चिंचवड मेट्रो मार्गावर मंडई आणि कसबा पेठ ही दोन भुयारी स्थानकं आहेत. मंडईला उतरायचं, आधी पिवळी, मग शिवाजी रस्त्याने वर येत तांबडी, त्यानंतर काळी आणि परतीला कसबा पेठ स्थानक. दर्शनाचा वेळ सोडून चालणं तासाभराचंही नाही.

निघायची वेळ सकाळी सहा ते साडेसात. साडेसातनंतर शाळेच्या गाड्या आणि दूधवाले एकदम रस्त्यावर येतात. साडेनऊनंतर लक्ष्मी रस्त्यावरची दुकानं उघडायला लागतात आणि पायी चालणाऱ्याला जागा उरत नाही. दुपारी दोन ते चार हीसुद्धा चांगली वेळ आहे, मात्र काही देवळं त्या सुमारास नैवेद्यासाठी पडदा ओढतात, तेवढं थांबावं लागतं. टाळायचे दिवस: मंगळवार, शुक्रवार, ललिता पंचमी, अष्टमी आणि मधला रविवार. या दिवशी जायचंच असेल तर पहाटेच्या आरतीलाच जा.

ओटी भरायची असेल तर सगळं सामान घरूनच एका कापडी पिशवीत लावून न्या: खण किंवा साडी, सोललेला पण शेंडी ठेवलेला नारळ, ओंजळभर तांदूळ, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी, हळदकुंकवाच्या पुड्या, एक फूल आणि दक्षिणा. देवळाबाहेर तयार ओटीचं ताट मिळतं, पण त्यातला खण बहुतेक वेळा पारदर्शक, हातरुमालाएवढा असतो आणि नारळ हलवून पाहायला कोणी देत नाही. हळदकुंकू पुडीत बांधलेलं असावं. रांगेत कोयरी सांडली की पुढच्या बाईच्या साडीचा प्रश्न उभा राहतो.

भवानी पेठेला जिच्यावरून नाव मिळालं ती भवानीमाता, पुणे–सातारा रस्त्याजवळची पद्मावती आणि तळजाई टेकडीवरची तळजाईमाता हीदेखील नवरात्रात गजबजलेली ठिकाणं. तळजाईला झाडीतून चालत जायचा आनंद आहे, म्हणून तिथे उजाडल्यावर जा. अंधारात जाऊन तो मिळत नाही. सारसबागेसमोरच्या महालक्ष्मीला दसऱ्याच्या दिवशी सोन्याची साडी नेसवतात, सुमारे सोळा किलो वजनाची. ती पाहायला संध्याकाळी जाणारे रस्त्यावरच अडकतात. सकाळी आठच्या आत जाऊन या.

चतुःशृंगीची जत्रा

सेनापती बापट रस्त्यावरच्या टेकडीवरची चतुःशृंगी आणि पायथ्याची जत्रा या दोन वेगळ्या गोष्टी समजा आणि दोन वेगळ्या वेळी करा. दर्शन पहाटे, जत्रा संध्याकाळी. दोन्ही एकाच खेपेत उरकायचा हट्ट धरला की आधी जत्रेत मुलं दमतात, मग शंभराहून अधिक पायऱ्यांवर त्यांना कडेवर घ्यावं लागतं.

दर्शनासाठी साडेपाच-सहाला पायथ्याशी असावं. चपला गाडीतच किंवा पिशवीत ठेवा. खाली चपलांचा ढीग होतो आणि परत येताना स्वतःची जोडी ओळखण्यात दर्शनाइतकाच वेळ जातो. गुडघे दुखणाऱ्यांनी चढताना नव्हे, उतरताना काळजी घ्यायची. पायऱ्यांवर नारळाचं पाणी आणि पाकळ्या पडलेल्या असतात, त्यावर पाय हमखास घसरतो. कठड्याच्या बाजूने एकेक पायरी उतरा.

जत्रेला संध्याकाळी पाच ते सात. त्या वेळी पाळणे सुरू झालेले असतात, उजेड असतो आणि गर्दी अजून यायची असते. आठ ते दहा या वेळात रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद असतो, रिक्षावाले येत नाहीत आणि आले तर मीटरवर येत नाहीत. विद्यापीठ चौकाच्या बाजूला किंवा सेनापती बापट रस्त्यावर बरंच अलीकडे उतरून चालत येणं सोपं. लहान मुलाच्या खिशात मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी घालाच. हरवल्यावर भेटायची जागा आधी ठरवा, आणि ती "मोठ्या पाळण्यापाशी" अशी नको, कारण मोठे पाळणे एकापेक्षा जास्त असतात.

पिपाण्या, काचेच्या बांगड्या, भातुकलीची भांडी, चुरमुरे-बत्तासे, भाजलेली कणसं हे जत्रेत घ्यावं. कापून ठेवलेली फळं आणि बर्फाचा गोळा घेऊ नये. पाळण्यात बसण्याआधी एक पूर्ण फेरी खाली उभं राहून बघा: बसणाऱ्यांच्या पुढचा आडवा दांडा नीट अडकवतात का, आणि पाळणा थांबायच्या आधीच माणसं उतरवतात का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "हो" असलं तर तिथे बसू नका.

उपासाचं खाणं: वरीचं पीठ सांभाळून

नवरात्रात भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या जवळपास दरवर्षी येतात आणि अन्न व औषध प्रशासन दरवर्षी तीच सूचना काढतं. कारण साधं आहे. वरीच्या दाण्याला आणि त्याहून जास्त त्याच्या पिठाला ओल पटकन लागते. पावसाळा नुकताच सरलेला असतो, गोदामात बुरशी धरते आणि तिचं विष शिजवूनही पूर्ण जात नाही. सुटं पीठ कधीही घेऊ नका. पाकीटबंद, तारीख असलेली अख्खी वरी घ्या, दोन-तीन पाण्यांतून धुवा, पंख्याखाली वाळवा आणि लागेल तेवढीच घरी दळा. शिजवलेली भगर त्याच जेवणात संपवा. नऊ दिवस उपास करणाऱ्यांनी तर रोज भगर खाऊच नये. राजगिरा, रताळी, ताक, फळं आलटून पालटून घ्यावीत.

साबुदाण्याचं गणित वेगळं. धुऊन, दाणे जेमतेम बुडतील एवढंच पाणी ठेवून चार-पाच तास. जास्त पाण्यात भिजवला की खिचडीचा गोळा होतो आणि मग पुणेकर साबुदाण्यालाच नावं ठेवतात.

सोसायटीत भोंडला बसवायचा तर

शहरातल्या सगळ्या कार्यक्रमांत कमी खर्चाचा आणि सगळ्यांत रंगणारा कार्यक्रम हाच. हस्त नक्षत्राशी जोडलेला सोळा दिवसांचा हादगा आता फार थोड्या घरी होतो. पुण्यात घटस्थापना ते दसरा यातल्या एखाद्या संध्याकाळी भोंडला होतो. शनिवार किंवा रविवार, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. सातनंतर सुरू केलात तर मुली दांडियाला पळतात आणि आज्यांना जेवायची घाई होते.

पाटावर हत्ती काढायचा, रांगोळीने किंवा तांदळाने. जमिनीवर थेट काढला तर पहिल्याच फेरात कोणाचा तरी पाय पडतो. पाट मधोमध, त्याखाली विटा किंवा दुसरा पाट ठेवून थोडा उंच केलेला.

आता जागेचा हिशोब, जो कोणीच करत नाही आणि मग फेर अंड्यासारखा लांबट होतो. हात धरून चालताना एका बाईला साधारण पाऊण मीटर लागतो. चोवीस जणी म्हणजे अठरा मीटरचा घेर, म्हणजेच सुमारे सहा मीटर व्यास. चाळीस जणींच्या एकाच फेराला साडेनऊ-दहा मीटर मोकळी जागा हवी, जी बहुतेक पार्किंगमध्ये नसते. त्यापेक्षा दोन फेर करा: आत सोळा, बाहेर चोवीस. दोन्हींमध्ये मीटरभर अंतर राहतं आणि सगळं सहा-सात मीटरमध्ये बसतं. आतला फेर लहान मुलींचा ठेवला तर त्यांना हत्ती दिसतो आणि धक्काही लागत नाही. गाड्या आदल्या रात्रीच हलवायला सांगा. पार्किंगला गुळगुळीत फरशी असेल तर ती दुपारी पुसून कोरडी होऊ द्या. ओल्या फरशीवर नऊवारीत पडणं वाईट.

गाण्यांची पहिली ओळ ठरलेलीच: "ऐलमा पैलमा गणेश देवा". त्यानंतर "एक लिंबू झेलू", "अक्कणमाती चिक्कणमाती", "श्रीकांता कमलकांता" अशी दहा-बारा पुरेत. स्पीकरवर ध्वनिमुद्रित गाणी लावायचा मोह आवरा. ती एकाच लयीत चालतात. फेराची लय मात्र सगळ्यांत हळू चालणाऱ्या बाईनुसार बदलावी लागते, नाहीतर साखळी तुटते. दोन खड्या आवाजाच्या जणी मध्ये उभ्या करा, त्यांनी ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी उचलायची. शब्द मोठ्या अक्षरांत छापून आदल्या दिवशी वाटले तर नव्या सुनांची आणि अमराठी शेजारणींची पंचाईत होत नाही. "कारल्याचं बी पेर गं सूनबाई"सारखी सवाल-जवाबाची गाणी मध्यावर घ्या. सुरुवातीला सगळ्या लाजत असतात, शेवटी दमलेल्या असतात.

खिरापतीशिवाय भोंडला संपत नाही. पाच-सहा घरांनी एकेक पदार्थ झाकलेल्या डब्यात आणायचा आणि बाकीच्यांनी ओळखायचा: गोड की तिखट, किती अक्षरी, भाजलेलं की तळलेलं. चाळीस जणींना वाटली डाळ करायची तर एक किलो हरभराडाळ पुरते. भिजून, वाटून, परतून ती दोन किलोंच्या पुढे जाते, म्हणजे प्रत्येकीला दोन मोठे चमचे. डाळ गरम असताना डबा बंद करू नका. झाकणाला वाफ धरते आणि तासाभरात वास येतो. परातीत पसरून पूर्ण गार करा. ओलं खोबरं आणि लिंबू निघायच्या आधी घाला. डबा वाजवून बघायला परवानगी असावी, हुंगायला नसावी. त्यातच निम्मी मजा आहे.

दांडिया, दुर्गापूजा, घागर

दांडियाच्या पासावर वेळ सातची छापलेली असते, रंग साडेआठनंतर चढतो. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. वर्षातले मोजके दिवस सरकार बारापर्यंत सवलत देतं आणि त्यात नवरात्रातले शेवटचे काही दिवस बहुधा असतात. पास घेताना त्या दिवशी दहा की बारा, एवढं विचारा, नाहीतर दीड तासाच्या नाचाला पूर्ण रात्रीचे पैसे जातात. बाहेर गेल्यावर परत आत सोडतात का, हेही विचारून घ्या. पायांत सपाट, मागे पट्टा असलेली चप्पल हवी. टिपऱ्या दीड फुटाच्या आसपास, लाकडी आणि टोकाला गोल घासलेल्या घ्या. टिपरी मुठीत आवळून धरणाऱ्याचं मनगट तासाभरात दुखतं आणि समोरच्याच्या बोटांवर मारही तोच देतो. ती बोटांत सैल हवी.

नवरंगांबद्दल एवढंच: वर्तमानपत्रात आलेली यादी वाराप्रमाणे ठरते, तिथीप्रमाणे किंवा शास्त्राप्रमाणे नाही. मागच्या वर्षीची यादी यंदा चालत नाही. हौस असेल तर जरूर नेसा, त्यासाठी नऊ साड्या विकत घ्यायचं कारण नाही.

पुण्यातल्या बंगाली मंडळींची दुर्गापूजा षष्ठीपासून दशमीपर्यंत असते. शिवाजीनगरचं काँग्रेस भवन आणि खडकीची कालीबाडी ही त्यातली जुनी नावं. पाहण्यासारखे तीन प्रहर आहेत. दुपारचा भोग: खिचुडी, भाजी, चटणी, पायेश, सगळ्यांना एका पंगतीत, बारा-साडेबारालाच जा, दीडनंतर पातेली रिकामी दिसतात. अष्टमी संपून नवमी लागते तेव्हाची संधिपूजा: अष्टमीची शेवटची चोवीस मिनिटं आणि नवमीची पहिली चोवीस, एकशे आठ दिवे, एकशे आठ कमळं. ही वेळ दरवर्षी वेगळी, कधी दुपारी तर कधी पहाटे, म्हणून पंचांग पाहूनच जावं. आणि दशमीचा सिंदूरखेळ, दुपारच्या आसपास. पांढरी साडी-सदरा सिंदुराने माखतो आणि तो डाग जात नाही. नुसतं पाहायला गेलेल्यांनाही सोडत नाहीत, तेव्हा जुने कपडे घाला. मासे-मटणाचे स्टॉल बघून नवरात्राचा उपास असलेल्या मराठी माणसाने दचकू नये, त्यांच्याकडे देवी माहेरी आलेली असते आणि लेकीला पोटभर खाऊ घालतात.

अष्टमीच्या संध्याकाळी कोकणस्थ घरांतून आणि आता अनेक सभागृहांतून महालक्ष्मीची पूजा असते. तांदळाच्या उकडीचा मुखवटा करून देवी उभी करतात, लग्न झाल्यावर पहिली पाच वर्षं नववधू तिची पूजा करतात आणि रात्री बायका घागर फुंकतात. पहिल्यांदाच फुंकणाऱ्यांसाठी: घागरीच्या काठाला ओठ टेकवायचे नसतात. तोंड काठापासून बोटभर दूर धरून तिरकी फुंकर मारायची, बाटलीत फुंकून आवाज काढतात तशी. सरळ आत फुंकलं तर आवाज घुमत नाही, नुसती चक्कर येते. दहा-बारा फुंकरींनंतर घागर पुढच्या बाईकडे द्या. पाहायला जायचं तर साडेनऊनंतर, त्याआधी फक्त दर्शनाची रांग असते.

खंडेनवमीला मोठ्या कार्यक्रमांच्या मागे न धावता जुन्या पेठांतल्या गल्ल्यांत एक फेरी मारा. छापखाने, लेथ मशीनची दुकानं, सायकल दुरुस्तीवाले, कासार, सुतार सगळे आपापली अवजारं धुऊन-पुसून मांडतात. पाना आणि पक्कड यांना गंध-फूल वाहिलेलं दिसतं. कोणी बोलावलं तर पेढा घ्या.

दसरा: झेंडू आणि आपटा

झेंडू आदल्या दिवशी पहाटे मार्केट यार्डातल्या फुलबाजारातून घ्यावा. पाचच्या सुमाराला आवक भरपूर असते, नऊनंतर किरकोळवाले उचल करून टाकतात. घराजवळच्या कोपऱ्यावर संध्याकाळी मिळणारा माल बहुधा तोच, वर पाणी मारलेला. मुठीत दाबून पाहा: पाणी गळलं तर तो झेंडू उद्या काळा पडणार आणि वजनात तुम्ही पाण्याचेही पैसे दिलेत. देठाखाली घट्ट, पाकळी कोरडी, वास तिखट असा घ्या. किती? सहा फुटांच्या तोरणाला फुलाला फूल लावून ओवली तर तीस-पस्तीस फुलं लागतात. आंब्याच्या पानांसकट ओवलं तर अर्धा किलोत दाराचं तोरण आणि देवाचा हार दोन्ही होतात. गाडी, दुकान, यंत्र वाढलं की प्रत्येकी पाव किलो धरा. आणलेली फुलं प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, वर्तमानपत्रावर पसरा. दोरा जाड सुती घ्या. बारीक दोरा देठ कापतो आणि दुपारी अर्धं तोरण उंबऱ्यावर पडलेलं असतं.

आपट्याच्या नावाखाली बाजारात निम्म्याहून जास्त कांचन विकतात. ओळख सोपी आहे. आपट्याचं पान लहान, लांबीपेक्षा रुंद, जाडसर आणि मागून करडट. कांचनाचं पान मोठं, पातळ, हिरवंगार. दोघांच्याही पानाला मध्ये खाच असते, म्हणून फसायला होतं. त्याहून महत्त्वाचं, सोनं म्हणून वाटायला घरटी दहा-पंधरा पानं पुरतात. फांद्या विकत घेतल्या की पुढच्या वर्षी त्या पुन्हा कुठल्यातरी डोंगरावरच्या झाडालाच ओरबाडून येतात.

दिवसाचा क्रम असा ठेवा. सकाळी तोरण आणि पूजा. पाटीवर सरस्वती काढायची ती एकाच्या आकड्यांची, मुलाकडूनच. सोनं किंवा गाडी घ्यायची असेल तर पैसे, कागद सगळं आधी पूर्ण करून त्या दिवशी फक्त ताबा घ्या, लक्ष्मी रस्त्यावरच्या सराफाकडे दसऱ्याच्या दुपारी दागिना निवडायला बसणाऱ्याला कोणी विचारत नाही. संध्याकाळी चतुःशृंगीच्या सीमोल्लंघनाच्या पालखीला जायचं तर चारपासून जागा धरा. नाहीतर पाचनंतर घरीच थांबा आणि सोनं द्यायला येणाऱ्यांसाठी दार उघडं ठेवा. आधी मोठ्यांकडे जायचं, मग बरोबरीच्यांकडे. व्हॉट्सॲपवर पानाचं चित्र पाठवणं हे सोनं देणं नव्हे.

कोजागिरी: दूध आणि चंद्राचा कोन

चंद्र त्या दिवशी सूर्य मावळायच्या सुमाराला उगवतो. आठ वाजता तो क्षितिजापासून पंचवीस-तीस अंशांवरच असतो, म्हणजे पूर्वेला पंचवीस मीटरवर चारमजली इमारत असेल तर दिसतच नाही. दहाच्या सुमाराला पन्नास अंशांच्या वर येतो आणि मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर. म्हणून गच्चीवरचा कार्यक्रम साडेनऊला सुरू करा, दूध दहा-सव्वादहाला. टेकड्यांवर आणि बागांत रात्री उशिरा थांबता येत नाही, खडकवासल्याच्या रस्त्यावर त्या रात्री वाहनांची रांग असते. गच्ची उत्तम. पाण्याच्या टाकीवरचा दिवा मात्र बंद करायला सांगून ठेवा.

तीस जणांसाठी: म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध सहा लिटर, साखर साडेचारशे ग्रॅम, बदाम शंभर ग्रॅम, काजू शंभर, पिस्ते पन्नास, चारोळी पंचवीस, वेलदोडे पंधरा-वीस, जायफळ अर्धं, केशर अर्धा ग्रॅम. सहा लिटर आटून साडेचारवर आलं की साखर-मसाल्यासकट दीडशे मिलिलिटरचे तीस पेले भरतात आणि थोडं उरतं. घरच्या शेगडीवर एकाच पातेल्यात याला दीड तास लागतो, तेव्हा आठलाच गॅस पेटवा. तीन-तीन लिटरची दोन पातेली केलीत तर लवकर होतं आणि ढवळायलाही सोपं.

लागण्याची भीती जाड बुडाच्या पातेल्याने निम्मी जाते. पातेलं आधी पाण्याने विसळा, पुसू नका, मग दूध ओता. उकळी आल्यावर आच मध्यम करा, उलथन्याने बूड खरवडत राहा. साखर शेवटच्या दहा मिनिटांत घाला, आधी घातली तर बुडाला धरते. तरीही लागल्याचा वास आलाच तर ढवळणं लगेच थांबवा आणि वरचं दूध दुसऱ्या पातेल्यात अलगद ओतून घ्या. खरवडलंत तर सगळं गेलं. सुकामेवा दळताना मिक्सर सलग फिरवू नका, तेल सुटून गोळा होतो. त्यात दोन चमचे साखर टाकून थांबत थांबत फिरवा. केशर अर्धा तास आधी वाटीभर कोमट दुधात भिजवा. कोरडं टाकलेलं केशर दिसतं छान, पण रंग देईपर्यंत दूध संपलेलं असतं. जायफळ अर्ध्याच्या वर जाऊ देऊ नका: जागरणाच्या रात्री झोप आणणारा पदार्थ जपून घालावा.

चंद्र पाहायला दूध पातेल्यातच ठेवा, पेल्यात प्रतिबिंब नीट पडत नाही. वर साय धरू द्यायची नाही, अधूनमधून हलवत राहा. कोणी म्हणेल की पातेलं उघडं ठेवून चांदण्यात तासभर मुरवू. पंधरा मिनिटं ठीक, त्यानंतर किडे पडतात. सोबत भेळ किंवा मिसळ ठेवा, नुसतं गोड कोणाला दोन पेल्यांच्या पुढे जात नाही. उरलेलं दूध निजण्याआधी फ्रिजमध्ये आणि पातेलं पाणी घालून भिजत. सकाळपर्यंत तसंच ठेवलं तर घासणाऱ्या मावशी दार वाजवून विचारतात, काल रात्री नक्की काय जाळलं.